विधि-पदवीधरांची उमेदवारी

व्यापारी कायद्याच्या पेढीत उमेदवारी हवी असल्यास बेंगळूर अथवा मुंबई गाठावी लागते, असा समज बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांत रूढ आहे. मोठ्या पेढ्या तेथेच आहेत, हे खरे. तथापि 2018 च्या दुरुस्तीनंतर तीन लाख रुपयांपासूनचे व्यापारी वाद वाणिज्य न्यायालयांच्या कक्षेत आले असून, व्यापाऱ्यांमधील तुरीच्या सौद्याचा तंटाही त्यांत मोडू शकतो. कलबुर्गी येथे उच्च न्यायालयाचे फिरते पीठ 2008 मध्ये आले आणि 2013 मध्ये ते कायम झाले. त्यामुळे पहिले धडे घराजवळ, अनुभवी वकिलांच्या हाताखाली गिरविता येतात.

सनदेपूर्वी वर्षभराची उमेदवारी सक्तीची करणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये रद्द ठरविला. साहजिकच अशी जागा ज्याने त्याने अर्ज करून मिळवावयाची असते. अर्जासोबत केवळ गुणपत्रिका न जोडता स्वतः लिहिलेला एखाद्या कराराचा मसुदाही जोडावा. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. परंतु या भागातील जुने दस्तऐवज उर्दूत, नवे कन्नडमध्ये आणि कित्येक घरांतील हिशेब मराठीत आढळतात. हे सर्व वाचता येत असल्यास उमेदवाराने तसे संकोच न करता लिहावे. शहरी पदवीधरांत ही जाणकारी विरळाच.

सनदेच्या नोंदणीसाठी सर्वसाधारण उमेदवाराकडून 750 रुपयांहून अधिक शुल्क घेता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये दिला आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही मर्यादा 125 रुपये आहे.