घरातील स्नान व विश्रांतिकक्षाची प्रकाशयोजना : एक विवेचन

महानगरांतील प्रशस्त घरांमध्ये मालिश, बाष्पस्नान व विश्रांती यांसाठी स्वतंत्र कक्ष राखला जाऊ लागला आहे. सामान्यतः त्यास 'स्पा' असे संबोधले जाते. अशा कक्षाची प्रकाशयोजना मात्र बहुधा छतात बसविलेल्या दिव्यांच्या रांगेपुरतीच मर्यादित राहते. ही पद्धत येथे सदोष का ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इतर खोल्यांत मनुष्य उभा असतो वा बसलेला असतो. येथे तो उताणा निजतो. साहजिकच छतातील प्रत्येक दिवा थेट त्याच्या डोळ्यांत येतो. आराखडा काढणाऱ्याने एकदा स्वतः मालिशच्या बाकावर निजून पाहिले, तर निम्मे दिवे तत्क्षणी रद्द होतील, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. स्वित्झर्लंडमधील वाल्स येथे १९९६ साली पूर्ण झालेले पीटर झुमथोर यांचे स्नानगृह या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तेथे छताच्या काँक्रीट फळ्यांमध्ये अरुंद काचबंद फटी ठेवलेल्या असून त्यांतून उतरणारा दिवसाचा प्रकाश दगडी भिंतीवरून खाली ओघळतो. घरात हाच परिणाम भिंतीलगत दडविलेल्या दिव्यांनी साधता येतो. उजळते ती भिंत. दिवा दिसत नाही.

प्रकाशाचा रंगही तितकाच महत्त्वाचा आहे. दृष्टिपटलातील काही पेशी स्वतःच प्रकाशसंवेदी असतात, हे डेव्हिड बर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले. या पेशी सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि त्यायोगे रात्री मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती मंदावते. म्हणून सायंकाळच्या वापरासाठी २७०० केल्विन वा त्याहून कमी वर्णतापमानाचे, मंद करता येणारे दिवे योग्य होत.

तथापि सरसकट अंधुकपणा हा त्यावरील उपाय नव्हे. घरातील अशा कक्षाचा लाभ ज्येष्ठ मंडळीही घेतात. वयोमानानुसार बाहुली लहान होते, नेत्रभिंग पिवळसर पडते. परिणामी साठीतील व्यक्तीच्या दृष्टिपटलावर विशीतील व्यक्तीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. ओली फरशी, टबाची कड व एखादी पायरी त्यांना मंद उजेडात दिसतच नाही. जुन्या घरांत भिंतीतल्या देवळीत पणती ठेवीत. उजेड खाली, पायांपाशी पडे. तेच तत्त्व येथे उपयोगी पडते. जमिनीपासून वीतभर उंचीवर, खाली रोख असलेले उबदार रंगाचे दिवे बसविल्यास वाट स्पष्ट दिसते आणि निजलेल्याचे डोळेही दिपत नाहीत.

पाण्यालगतच्या दिव्यांबाबत तडजोड नसावी. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या मानकानुसार टबाच्या आतील भागात प्रत्यावर्ती विद्युतदाब १२ व्होल्टपेक्षा अधिक चालत नाही, व त्याचा रोहित्र बाहेर ठेवावा लागतो. सौनामध्ये छताजवळचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. तेथे एलईडी दिवे लवकर निकामी होतात. त्यासाठी प्रकाशस्रोत बाहेर ठेवून काचतंतूंद्वारे केवळ प्रकाश आत नेणे अधिक सोयीचे ठरते.