पुस्तिकेंतील लहान चुका

संगणकाच्या आज्ञावलीबरोबर तिच्या वापराची पुस्तिका असते. तींतील एका अक्षराचीही चूक क्षुल्लक समजूं नये, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

‘धरावें’ यांतील ‘ध’चा ‘मा’ होऊन १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला, ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. संगणक तर शब्दांमागील हेतु मुळींच जाणत नाहीं. कित्येक आज्ञांत दोन आखूड आडव्या रेघा लागोपाठ लागतात. मजकूर लिहितांना त्या जोडल्या जाऊन पुस्तिकेंत कधीं कधीं एकच लांब रेघ येते. वाचकाच्या डोळ्यांस भेद दिसत नाहीं, पण संगणक आज्ञा नाकारतो.

देशांतील पहिले आधार क्रमांक २०१० सालीं आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं दिले गेले. संगणकाचा संबंध आतां खेड्याशींही आहे. शहरांतील शिकणारा शेजाऱ्यास विचारील. धडगांवकडील पाड्यावर एकटा शिकणारा मात्र आपलीच बुद्धि मंद समजून ती विद्या सोडून देईल. चूक पुस्तिकेची आणि शिक्षा विद्यार्थ्यास!

म्हणून चूक आढळतांच कर्त्यांस कळवावी. प्रकरण व वाक्य कोणतें, छापलें काय, पाहिजे काय, इतकें लिहावें. आज्ञा आधीं स्वतः चालवून पाहावी, आणि एका पत्रांत एकच दुरुस्ती सुचवावी, म्हणजे तपासणारास ती लवकर पारखतां येते. लिनक्सचीं माहितीपत्रकें देशोदेशींच्या वाचकांच्या अशाच दुरुस्त्यांनीं सुधारत आलीं आहेत. डोनाल्ड नूथ या संगणकशास्त्रज्ञानें तर आपल्या पुस्तकांतील चूक प्रथम दाखविणारास २ डॉलर ५६ सेंटांचें बक्षीस ठेविलें. विद्यार्थ्यांनीं ही संवय आतांच लावून घ्यावी. एकदां सुधारलेली ओळ पुढील वाचकास अडवीत नाहीं.