रिगाला चढलेलं निशाण

आमच्या कुळगीच्या जंगलाच्या कडेनं जाणारी काळी नदी समुद्राची नदी आहे, हे इथं राहताना सहज विसरायला होतं. सुप्याच्या धरणातून सुटलेलं पाणी नागझरीच्या वीजघरात राबतं, पुढे कद्र्याला पुन्हा अडतं आणि शेवटी कारवारजवळ सदाशिवगडाच्या पायथ्याशी अरबी समुद्राला मिळतं. त्या मुखापासून थोडं दक्षिणेला 'आयएनएस कदंब' हा नौदलाचा तळ आहे. १९८६ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि ३१ मे २००५ रोजी तळ सुरू झाला. २७ मे २०२२ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह याच कारवारहून 'खांदेरी' या पाणबुडीत बसून समुद्राखाली जाऊन आले. आज जोयडा-हल्याळकडचा एखादा मुलगा नौदलात गेला, तर घरापासून बसनं गाठता येईल अशा बंदरात त्याला पाणबुडी पाहायला मिळू शकते.

त्याच्या आजोबांच्या पिढीला ती पाहायला बाल्टिक समुद्र गाठावा लागला. भारताच्या पहिल्या पाणबुडीवर नौदलाचं निशाण चढलं ते मुंबईला नाही, विशाखापट्टणमलाही नाही. ते चढलं रिगाला, ८ डिसेंबर १९६७ रोजी. पाणबुडीचं नाव 'कलवरी', कमांडर के. एस. सुब्रह्मण्यम. तेव्हापासून ८ डिसेंबर हा नौदलात पाणबुडी दिन म्हणून पाळतात. रिगा तेव्हा सोव्हिएत संघात होतं, आता स्वतंत्र लाटव्हियाची राजधानी आहे. जिथून आपलं पाणबुडी दल जन्माला आलं तो तळ आता नाही, आणि ज्या देशाचा तो तळ होता तो देशही नाही. राहिली आहेत ती तिथं तरुणपणाची वर्षं काढून आलेली माणसं. विशीत तिथं गेलेले नौसैनिक आज ऐंशीच्या आसपास आहेत. म्हणून हा विषय घेतला.

खरं तर आपलं नौदल आधी इंग्लंडच्या वाटेनं निघालं होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आपले अधिकारी आणि नौसैनिक गॉस्पोर्टच्या 'एचएमएस डॉल्फिन' या ब्रिटिश पाणबुडी तळावर शिकायला गेले. तिथं शंभर फूट खोल पाण्याचा हौद होता. बुडालेल्या पाणबुडीतून सुटून वर कसं यायचं, ते त्या हौदात शिकवत. पाणबुड्याही ब्रिटनकडूनच घ्यायच्या होत्या, पण परवडतील अशा उधारीच्या अटी मिळाल्या नाहीत. मग सोव्हिएत संघाशी बोलणी झाली आणि सप्टेंबर १९६५ मध्ये करार झाला. त्यात चार पाणबुड्या आणि त्यांची देखभाल करणारं एक मोठं जहाज होतं. तेच जहाज पुढे 'आयएनएस अंबा' झालं.

ज्यांनी गॉस्पोर्टला इंग्रजीतून पाणबुडी शिकली होती, त्यांना आता सगळं रशियनमधून नव्यानं शिकायचं होतं.

पाणबुड्या बांधल्या गेल्या लेनिनग्राडला, आणि ताब्यात मिळाल्या रिगाला. दौगावा नदी रिगाच्या आखाताला मिळते तिथं बोल्देराया नावाचा भाग आहे. सोव्हिएत नौदलाचा पाणबुडी तळ तिथं होता, आणि परदेशी नौसैनिकांना शिकवण्याची सोयही. फॉक्सट्रॉट जातीची ही पाणबुडी ९१ मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद. आत सात कप्पे, तीन डिझेल इंजिनं, तीन विजेच्या मोटरी, टॉर्पेडोच्या दहा नळ्या, बावीस टॉर्पेडो, आणि या सगळ्यातून उरलेल्या जागेत पंचाहत्तर माणसं. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर गोल दारातून वाकून, आधी पाय टाकून जावं लागतं. अंगभर आंघोळ हा तिथं विसरायचा विषय.

पाणबुडीचं शिक्षण इतर जहाजांसारखं नसतं. युद्धनौकेवर तोफेचा माणूस तोफ बघतो, इंजिनाचा माणूस इंजिन. पाणबुडीत स्वयंपाक्यालाही प्रत्येक कप्प्यातला महत्त्वाचा व्हॉल्व्ह कुठं आहे ते अंधारात चाचपून सांगता यायला हवं, कारण पाणी शिरलं तर जो जवळ असेल त्यालाच तो बंद करायचा असतो. त्यामुळे रिगातले दिवस म्हणजे नळ्या, झडपा, बॅटऱ्या आणि त्यांची रशियन नावं. आधी भाषेचे वर्ग, मग दुभाष्याच्या मदतीनं यंत्रांचे. वह्यासुद्धा गुप्त, वर्गाबाहेर न्यायच्या नाहीत. संध्याकाळी खोलीवर बसून उजळणी करायची ती डोक्यात राहिलेल्या चित्रांवरून. अनेक जुने पाणबुडीवाले आजही रशियन शब्द अचूक उच्चारतात, याचं कारण हे पाठांतर आहे.

आणि थंडी. कोकणातल्या, कारवारकडच्या, केरळातल्या मुलांनी बर्फ सिनेमात पाहिला होता. रिगाला हिवाळ्यात दिवस सहा-सात तासांचा असतो आणि नदी गोठते. कानांवर ओढायची फरची टोपी, जड ओव्हरकोट, काळी आंबूस पोळीसारखी वाटणारी राय या धान्याची पावरोटी, बीटचं लालभडक बोर्श्त, कोबी आणि बटाटा. भात-आमटीवर वाढलेल्या माणसाला हे सगळं परकंच. आणि तरी म्हातारपणी आठवण निघते तेव्हा याच गोष्टी प्रेमानं निघतात. शहराच्या मध्यवर्ती बाजाराची आठवण तर फार जण काढतात. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन हवाई जहाजांच्या प्रचंड हँगरांपासून बांधलेल्या पाच कमानदार इमारतींत तो बाजार १९३० पासून भरतो. उन्हाळा आला की यूर्मालाचा वाळूचा किनारा, रात्री दहापर्यंत उजेड.

त्या काळात भारतीय माणसाला तिथं ओळख करून द्यावी लागत नसे. राज कपूरचा 'आवारा' १९५४ मध्ये सोव्हिएत संघात लागला आणि त्यानं तिथल्या एका आख्ख्या पिढीला वेड लावलं. घरापासून हजारो मैलांवर अनोळखी माणसानं आपल्या सिनेमातल्या गाण्याची धून गुणगुणावी, याचं मोल परदेशात एकटं राहिलेल्यालाच कळेल.

रिगावरच्या या प्रेमाचं मूळ मला पाणबुडीच्या रचनेत दिसतं. समुद्राखाली खिडकी नसते, किनारा नसतो, दिवस-रात्र नसते. जमिनीवरचा तळ हाच पाणबुडीवाल्याचा सगळा देश असतो. त्यातून ज्या माणसांच्या हाती उद्या आपला जीव असणार, त्यांची ओळख रिगातच झाली, आणि पहिली बुडीही त्यांच्याबरोबर तिथल्याच गार पाण्यात मारली. पहिल्या बुडीला समुद्राचं खारट पाणी पिण्याची रशियन पाणबुड्यांतली रीत आहे. अशा गोष्टी माणसाला एकमेकांशी कायमच्या बांधतात.

मराठी वाचकाला या गोष्टीत आपली म्हणावी अशी नावं आहेत. दुसऱ्या पाणबुडीचं नाव 'खांदेरी', ६ डिसेंबर १९६८. थळच्या समोरचं ते बेट शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधून काढलं होतं. तिसरी 'करंज', उरणच्या करंजा बेटाच्या नावाची. ती ४ सप्टेंबर १९६९ रोजी रिगाला नौदलात आली आणि तिचे पहिले कमांडर होते मोहन नारायण राव सामंत. चौथी 'कुरसुरा', १८ डिसेंबर १९६९. खांदेरी आणि करंजा ही अलिबाग-उरणची नावं बाल्टिकच्या बंदरात पाणबुडीच्या अंगावर झळकत होती, ही कल्पना मला फार आवडते.

घरी यायचा रस्ताही लांबचा होता. जून १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर सुएझ कालवा बंद होता, तो १९७५ पर्यंत उघडलाच नाही. त्यामुळे या पाणबुड्यांना आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालावा लागला. 'कलवरी' जुलै १९६८ मध्ये विशाखापट्टणमला पोचली. 'कुरसुरा' फेब्रुवारी १९७० मध्ये बाल्टिस्कहून निघाली, कारण ऐन हिवाळ्यातही ते बंदर गोठत नाही. गोटेनबर्ग, ला कोरुन्या, घानातलं ताकोराडी, मॉरिशस असे मुक्काम करत ती भारतात आली. थंड समुद्रासाठी बांधलेल्या या पाणबुड्या विषुववृत्तावर आल्या की आतली हवा भट्टीसारखी तापायची. रिगाच्या बर्फाची गोड आठवण बहुधा तिथूनच सुरू झाली असावी.

पुढे नातं उलट दिशेनंही वाढलं. सोव्हिएत तज्ज्ञ विशाखापट्टणमला येऊन राहिले. तिथल्या गोदीत त्यांनी आपल्या लोकांच्या खांद्याला खांदा लावून काम केलं. आज रशियातही कुठेतरी एखादा म्हातारा इंजिनिअर विशाखापट्टणमच्या उन्हाची आठवण काढत असेल.

कमांडर सामंतांची कथा इथं थोडी थांबून सांगायला हवी. १९७१ मध्ये ते पाणबुडीवर नव्हते. बांगलादेशाच्या मुक्तिवाहिनीतून नौदल कमांडो तयार करण्याची गुप्त मोहीम त्यांच्याकडे होती. पलाशीजवळ भागीरथीच्या काठी चारशेहून अधिक तरुणांना पोहायला आणि जहाजांना सुरुंग चिकटवायला शिकवलं गेलं. १५ आणि १६ ऑगस्टच्या दरम्यानच्या रात्री चितगाव, मोंगला, नारायणगंज आणि चांदपूर इथल्या जहाजांत स्फोट झाले. या मोहिमेच्या मुळाशी आणखी एक परदेशी पाणबुडी तळ आहे, फ्रान्समधलं तुलाँ. पाकिस्तानसाठी तिथं तयार होत असलेल्या 'मांग्रो' या पाणबुडीवर बंगाली नौसैनिक शिकत होते. ढाक्यातल्या कत्तलीच्या बातम्या कानावर आल्यावर त्यांच्यातले काही जण तळ सोडून निसटले, आणि आठ जण स्पेनमार्गे भारतात पोचले. फ्रान्समध्ये पाणबुडी शिकलेले ते बंगाली तरुण आणि लाटव्हियात पाणबुडी ताब्यात घेतलेला हा मराठी अधिकारी एकाच मोहिमेत भेटले. सामंतांना महावीर चक्र मिळालं. मार्च २०१९ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी 'ऑपरेशन एक्स' हे त्यांचं आणि संदीप उन्नीथन यांचं पुस्तक आलं. पन्नास वर्षं ही कथा बहुतेकांना माहीत नव्हती, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रिगाशी नातं पुढे बरीच वर्षं टिकलं. ३० एप्रिल १९८६ रोजी किलो जातीची पहिली पाणबुडी 'सिंधुघोष' तिथंच नौदलात आली, आणि तिच्यामागून तिच्या बहिणी. त्याच वर्षी जर्मनीतल्या कीलला 'शिशुमार' आली, तेव्हा आपल्या पाणबुडीवाल्यांत कीलवाले आणि रिगावाले अशा दोन शाळा झाल्या. १९८८ मध्ये व्लादिवोस्तोकहून भाड्यानं घेतलेली अणुपाणबुडी 'चक्र' आली. ते शहर तेव्हा परदेशी माणसाला बंद होतं, पण आपले नौसैनिक तिथं राहून शिकत होते.

पण रिगाबद्दल लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला जमणार नाही. आपल्या माणसांना जिथं जिव्हाळा मिळाला, ते शहर त्या काळात पारतंत्र्यात होतं. १९४० मध्ये सोव्हिएत संघानं लाटव्हिया गिळला. मार्च १९४९ मध्ये चाळीस हजारांहून अधिक लाटव्हियन लोकांना घराबाहेर काढून सायबेरियात पाठवलं. २३ ऑगस्ट १९८९ रोजी तीन बाल्टिक देशांतल्या लाखो लोकांनी हातात हात घालून साखळी धरली, आणि जानेवारी १९९१ मध्ये रिगाच्या रस्त्यांवर सोव्हिएत फौजेला अडवण्यासाठी अडथळे उभे राहिले. ऑगस्ट १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला, ३१ ऑगस्ट १९९४ पर्यंत रशियन फौजा निघून गेल्या, आणि २००४ पासून लाटव्हिया नाटोमध्ये आहे. बोल्देरायाच्या लाटव्हियन माणसाला तो तळ गेल्याचं दुःख असण्याचं कारण नाही. आपल्या माजी नौसैनिकाला मात्र तिथला शिक्षक आणि बाजारात पावरोटी देणारी बाई आठवते. दोघंही खरं बोलत असतात. स्वतः इंग्रजी राज्यातून सुटलेल्या देशाच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये.

स्कॉटलंडच्या होली लॉकमध्ये १९६१ ते १९९२ अमेरिकेचा पाणबुडी तळ होता. तिथंही हेच झालं. अणुशस्त्रांविरुद्धचे मोर्चे याच तळावर यायचे. शेजारच्या डनून गावात अनेक अमेरिकन नौसैनिकांची लग्नं झाली, मुलं वाढली. तळ उठला तेव्हा गावाच्या पोटावर पाय आला, आणि अमेरिकेत परतलेले नौसैनिक म्हातारपणी पुन्हा डनून बघायला येत राहिले. गॉस्पोर्टचा 'डॉल्फिन' तळही १९९८ मध्ये बंद झाला. तिथं आता पाणबुडी संग्रहालय आहे.

आमच्या जिल्ह्याला तळाची ही दुसरी बाजू चांगली ठाऊक आहे. कदंब तळाच्या 'सीबर्ड' प्रकल्पासाठी कारवार-अंकोला पट्ट्यातली गावं उठली, तशीच सुप्याच्या धरणासाठी जोयड्यातली उठली होती. उद्या कारवारच्या तळाच्या आठवणी कुणी लिहील, तेव्हा नौसैनिकांच्या जोडीला या उठलेल्या कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या आठवणीही त्यात आल्या पाहिजेत, असं मला ठामपणे वाटतं.

१० मार्च २०२१ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत नवी 'करंज' दाखल झाली. प्रमुख पाहुणे होते ॲडमिरल विष्णुसिंह शेखावत. १९७१ च्या युद्धात जुन्या 'करंज'चे कमांडर तेच होते आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. रिगाला निशाण चढलेल्या त्या पाणबुडीवरचे जुने साथीही सोहळ्याला आले होते. ती पाणबुडी २००३ मध्ये निवृत्त झाली होती. नवी 'करंज' माझगाव गोदीत बांधलेली. तिच्यावर निशाण चढलेलं बघायला कुणालाही आता बर्फात उभं राहावं लागलं नाही.

रिगाहून आलेली एक पाणबुडी मात्र अजून जशीच्या तशी बघता येते. 'कुरसुरा' फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली. तिला ओढून विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर वाळूत बसवलं, आणि ऑगस्ट २००२ पासून ती संग्रहालय म्हणून खुली आहे. आत माहिती सांगायला निवृत्त नौसैनिकच असतात. टॉर्पेडो आणि बॅटऱ्यांबद्दल ते न विचारताही सांगतील. तुम्ही त्यांना विचारा, रिगाला कोण गेलं होतं, थंडी किती होती, रशियन कोणी शिकवली. मागची रांग पुढे सरकण्याची वाट पाहत असली, तरी विचारा.