नालीतली माती आणि छातीचा श्वास

“डॉक्टरसाहेब, नाकातोंडात तर मातीचा कणही नव्हता, मग माणूस गेला कसा?”

काही वर्षांपूर्वी नळाच्या नालीत गाडल्या गेलेल्या एका तरुण मजुराला दवाखान्यात आणले, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी मला हा प्रश्न विचारला होता. त्याचे डोके उघडेच होते. माती फक्त काखेपर्यंत आली होती. सुरुवातीला तो बोलत होता. मग बोलणे तुटक झाले आणि थांबले.

श्वास घेताना फासळ्या बाहेर सरकतात, पोट पुढे येते. श्वास सोडला की छाती आत जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत माती बसते. पुढचा श्वास आधीपेक्षा लहान होतो, त्यापुढचा त्याहून लहान. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, ओली असली तर अधिक. म्हणजे जुन्या दोन मारुती मोटारींहून जास्त वजन! प्राणवायू पूर्ण तुटला की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. एवढ्या वेळात फावड्याने माणूस मोकळा होत नाही. म्हणून याचा उपचार नालीत उतरण्यापूर्वीच करायचा असतो.

आपल्या सौंदड भागातील कन्हार जमीन वरून घट्ट दिसते. पण उन्हाने तिला भेगा पडतात आणि त्यांत पाणी शिरले की अख्खी भिंत सुटून येते. तलावाच्या किंवा धानाच्या बांधीच्या कडेला झिरपणारे पाणी हेच करते. महामार्गालगत मालट्रकांचे हादरे असतात. पूर्वी एकदा खणून बुजवलेली माती तर सर्वांत कच्ची. “दहा मिनिटांचे तर काम आहे” असे ठेकेदाराचा माणूस म्हणतो, त्या दहा मिनिटांचाच मला धसका आहे.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सुरक्षा नियमावलीत आकडे स्पष्ट दिले आहेत. नाली दीड मीटर किंवा अधिक खोल असेल तर काठ उतरते कापावेत, नाहीतर फळ्या व आडवे टेकू लावावेत. काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्या दूर टाकावी. सव्वा मीटरच्या आसपास खोली झाली की शिडी हवी, दर तीस मीटरला एक, आणि ती काठाच्या वर तीन फूट निघालेली. भिंत खालून पोखरायची नाही. आपल्याकडे मात्र माती काठावरच रचतात आणि जेसीबीही तिथेच उभा असतो! उन्हाळ्यात सावलीसाठी नालीतच शिदोरी सोडणारेही मी पाहिले आहेत. कृपा करून जेवायला वर या.

आणि भिंत कोसळलीच तर? पुण्याजवळ दापोडी येथे 1 डिसेंबर 2019 रोजी जलनिस्सारण वाहिनीच्या खोल खड्ड्यात एक मजूर अडकला. त्याला काढताना पुन्हा माती कोसळली आणि मजुराबरोबर अग्निशमन दलाचा एक जवानही गेला. प्रशिक्षित माणसांची ही गत, तर आपण धावत जाऊन उडी मारण्यात काय अर्थ? आधी यंत्र बंद करा, गर्दी काठावरून हटवा, 108 ला फोन करा. टेकू लावल्याशिवाय कोणी उतरू नये. पोहोचल्यावर प्रथम तोंड, मग लगेच छाती मोकळी करा. अंगाजवळची माती हातांनीच काढा. दोर बांधून किंवा जेसीबीने ओढू नका, मणका दुखावतो.

पाय बराच वेळ दबले असतील तर आणखी एक धोका असतो. 1941 साली लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून सुखरूप काढलेली माणसे काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली, डॉ. बायवॉटर्स यांनी ते नोंदवले. दबलेल्या स्नायूंतली द्रव्ये सुटकेनंतर रक्तात येतात, त्यांनी हृदयही बंद पडू शकते. म्हणून शक्य असेल तर डॉक्टर येऊन सलाईन सुरू झाल्यावरच पाय मोकळे करावेत. छातीसाठी मात्र क्षणभरही थांबू नये. बाहेर काढलेला माणूस चालू लागला तरी त्याला घरी नेऊ नका. लघवी कमी झाली किंवा काळ्या चहासारखी दिसली, तर गावात वाट न पाहता गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवा आणि किती वेळ दबला होता ते तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.