दामोदर हॉल : नाटकाचा आणि आपलाही

परळचे दामोदर नाट्यगृह म्हटले की कुणाला लोकनाट्य आठवते, कुणाला कोकणातले नमन, तर कुणाला गिरणीतल्या मंडळींनी तालमी करून उभे केलेले नाटक. आपल्या घरांत मात्र ‘दामोदर हॉल’ हे नाव बाबासाहेबांच्या चरित्रात भेटते. जागा एकच, हे मुलाबाळांना सांगावे लागते. म्हणून हा लेखनप्रपंच.

ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालये चालविणारी ही संस्था. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस पाळी सुटल्यावर जाणार कुठे? चाळीची खोली एवढीशी की झोपायलाही पाळी लावावी लागे. अशा माणसांच्या वस्तीत १९२२ साली हे सभागृह उभे राहिले. गिरणगावची हौशी रंगभूमी इथे वाढली. साचेवाला इथे रात्रीपुरता राजा व्हायचा!

याच सभागृहात ९ मार्च १९२४ रोजी बाबासाहेबांनी सभा बोलावली. अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडायला आपली मध्यवर्ती संस्था हवी, हा विषय. त्यातूनच २० जुलै १९२४ रोजी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, तर व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्ष स्वतः बाबासाहेब. सभेची कचेरी दामोदर हॉलमध्येच होती. बाबासाहेब तेव्हा परळच्याच बी. आय. टी. चाळीत, दोन खोल्यांत राहत. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस चाळीतून कचेरीत चालत येतोय, हे चित्र आम्हाला कोणत्याही नाटकातल्या प्रवेशापेक्षा मोठे वाटते. सभेने १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालविले. हॉकीचा क्लबसुद्धा काढला होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले. दामोदर मात्र चालू होते. तिकीट आवाक्यात, वस्ती ओळखीची, म्हणून लोककलेची मंडळे इथेच यायची. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी तेही बंद झाले. रंगकर्मींनी त्याविरुद्ध आवाज उठविला. नाट्यगृह पाडून पुढे काय उभे राहणार, हा त्यांचा सवाल होता.

सवाल आपलाही आहे. नव्या वास्तूत कामगाराला परवडणारे नाट्यगृह हवेच. पण तिच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशी, ९ मार्च १९२४ ची पाटीही हवी.