सोपवलेल्या मुलाचा जाब
(बालक आणि कायदा : लेखांक पाचवा)

ज्या बालकाचा सांभाळ जन्मदात्यांकडून होऊ शकत नाही त्यास अनाथालयात ठेवण्यापेक्षा एखाद्या कुटुंबाच्या हवाली करणे अधिक हितावह, या विचारातून प्रतिपालनाची पद्धत कशी रूढ झाली हे मागील लेखांकात आपण पाहिले. परंतु त्या घरात बालकाचे काय होते हे पाहण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न दीर्घकाळ संदिग्ध राहिला, आणि त्याचा निर्णय करण्यास इंग्लंडला एका बालकाचा मृत्यू कारण व्हावा लागला.

९ जानेवारी १९४५ रोजी श्रॉपशायर परगण्यातील एका शेतघरात डेनिस ओ'नील हा १२ वर्षांचा मुलगा मारहाण व उपासमार सोसून मरण पावला. त्याला तेथे ठेवले होते न्यूपोर्ट नगरपालिकेने, आणि ते घर होते दुसऱ्याच परगण्याच्या हद्दीत. त्यामुळे देखरेख कोणी ठेवावी याविषयी दोन्ही दप्तरांत घोळ राहिला, आणि डिसेंबरात भेटीस गेलेल्या महिला कारकुनाने मुलाला तेथून हलवावे असे कळवूनही त्याची सुटका झाली नाही. प्रतिपालकास सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची, तर त्याच्या पत्नीस हेळसांडीबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली. सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या चौकशीने अधिकाऱ्यांची दिरंगाई उघड केली. पुढे मायरा कर्टिस यांच्या समितीचा अहवाल १९४६ साली आला, आणि १९४८ च्या बालक अधिनियमाने प्रत्येक स्थानिक संस्थेवर बालक समिती व बालक अधिकारी नेमण्याचे बंधन घातले.

तरीही, अधिकाऱ्यांची कसूर सिद्ध होत नसताना प्रतिपालकाने केलेल्या अत्याचाराची भरपाई संस्थेने द्यावी काय, हा प्रश्न उरलाच होता. १९८० च्या दशकात दोन प्रतिपालक घरांत अत्याचार सोसलेल्या एका स्त्रीने नॉटिंगहॅमशायरच्या काउंटी कौन्सिलविरुद्ध केलेल्या दाव्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली त्याचे होकारार्थी उत्तर दिले. प्रतिपालकांची निवड, प्रशिक्षण व देखरेख कौन्सिल करते, खर्चही तीच देते, आणि तिच्याच निर्णयाने बालक त्यांच्या सत्तेखाली जाते. म्हणून ते पगारी नोकर नसले तरी त्यांच्या कृत्याचे दायित्व कौन्सिलवर येते, असे बहुमताने ठरले.

आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४४ अन्वये बालकल्याण समितीने प्रतिपालक कुटुंबाची दरमहा तपासणी करावयाची आहे, आणि कलम ७५ अन्वये ताब्यातील बालकाशी क्रौर्य करणाऱ्यास शिक्षा आहे. यांपैकी दुसरे कलम अनर्थ घडल्यावर कामी येते, पहिले तो टाळण्यासाठी आहे; म्हणून तपासणीस गेलेल्या व्यक्तीने मुलाशी एकांतात बोलावे, त्याच्या अंगावरचे वळ व डोळ्यांतले भय पाहावे, आणि तिने धोका कळवताच त्याच दिवशी हुकूम निघावा, एवढी अपेक्षा समाजाने निःसंकोच धरली पाहिजे. ज्या शासनाने मूल सोपवले, त्याचा जाबही त्यानेच दिला पाहिजे.

(पुढील लेखांकात : तक्रार करू पाहणाऱ्या बालकाची साक्ष)