पाहिले म्हणून वाचले



पुणे, कोल्हापूर येथे भरत आलेल्या किर्लोस्कर वसुंधरा महोत्सवासारख्या ठिकाणी निसर्ग व साहसावरील चित्रपट दाखवले जातात. ते केवळ करमणुकीसाठी नसतात.

माइक पांडे यांचा ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ (२०००) घ्या. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. गुजरातच्या किनाऱ्यावरील त्याची कत्तल पांडे यांनी पडद्यावर दाखवली. लोक हळहळले आणि २००१ मध्ये वन्यजीव कायद्यात त्याला वाघाच्या पंक्तीत स्थान मिळाले.

आपल्या खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहेत रॉटन जातीची अतिदुर्मीळ वटवाघळे राहतात. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले. पण या वटवाघळांविषयी आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? गुहेत शिरून त्यांना त्रास देऊ नका. मात्र त्यांची गोष्ट आज घरी जरूर सांगा.